थोरली, धाकटी आणि तीन वाळकी झाडं

परसातली सुरूची तिन्ही झाडं वाळली आहेत हे मान्य करायलाच आम्हाला सव्वा वर्ष लागलं. ह्यांचं म्हणणं होतं की झाडं दमली आहेत, जरा पडू देत त्यांना. ह्यांनी ते विश्रांतीच्या अर्थाने म्हटलं होतं. शेजारच्या नकाशेकाकांनी भिंतीवरून ऐकलं आणि वेगळ्या अर्थाने घेतलं.

नकाशेकाका चौतीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढत होते. निवृत्तीनंतर काढायला काही उरलं नाही, म्हणून ते आम्हाला काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निळ्या शाईतला एक नकाशा घेऊन आले. त्यात आमचं परस होतं, तीन झाडं होती, मधली भिंत होती आणि भिंतीपलीकडे त्यांचं स्वयंपाकघर होतं. तिसऱ्या झाडापासून स्वयंपाकघरापर्यंत एक तुटक रेघ ओढली होती आणि रेघेच्या टोकाला एक लहानशी आकृती होती. ती म्हणजे काकू, असं त्यांनी समजावून सांगितलं. झाडाचा कल अकरा अंशांवर आला आहे, गेल्या हिवाळ्यात साडेनऊ होता, आणि काकू रोज सकाळी सात ते साडेआठ नेमक्या त्याच जागी उभ्या असतात.

काकूंनी जागा बदलावी असं ह्यांनी सुचवून पाहिलं. काकांनी नकाशाची घडी घातली आणि ते निघून गेले. मग आम्ही झाडं तोडणाऱ्या कंत्राटदाराला बोलावलं.

कंत्राटदार आला, झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात कोणी आहे का?" मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, तसं नाही, बोलायला कोणी. आता सांगते, मी पाणीपुरवठा कचेरीत नव्या नळजोडणीच्या टेबलावर आहे. सव्वीस वर्षं झाली. अर्ध्या गावाला माझ्याशी बोलल्याशिवाय पाणी मिळालेलं नाही. पण तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला, शेवटी हे बाहेर आले आणि दोघांचं बोलणं झालं. म्हणजे तो बोलला. हे ग्रंथालयात सूचिकार आहेत, दिवसभर कोणाशी बोलायचं नाही हीच त्यांची नोकरी. ठरलं असं की झाडं तो तोडणार आणि लाकूडही तोच नेणार. आमच्या बैठकीत लोखंडी शेगडी आहे, धुराडं थेट छपरातून वर जातं, आणि थंडीत ती पेटती ठेवायला आम्ही वर्षभर जुनी मासिकं साठवतो. आणि हा माणूस तीन झाडांचं लाकूड आमच्या दारातून घेऊन जाणार, वर आम्ही त्याला हात जोडून निरोप द्यायचा.

मी म्हटलं, राहू द्या. आमची झाडं आम्ही तोडू.

रागात माणूस बरंच बोलतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. पण त्या वेळी आतल्या खोलीत माझी नणंद बसली होती. नणंदेच्या कानावर गेलेलं वाक्य मागे घेता येत नाही, तशी सोयच नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत तीन गावांतल्या नातेवाइकांना कळलं होतं की वहिनी झाडं तोडणार आहे, आणि त्यातल्या दोघांनी ह्यांच्याकडे माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

माझा भरवसा होता तो मामावर. माझा सख्खा मामा चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत मेकॅनिक होता. गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या दोन जुन्या पेट्रोलवरच्या साखळी-करवती भंगारात चालल्या होत्या, त्या त्याने पोत्यात गुंडाळून घरी आणल्या. मामी म्हणायची, लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात. चाळीस वर्षं त्या आवाजात उभं राहून मामाचे कान पार गेले आहेत. तो ओठांवरून बोलणं ओळखतो, आणि ओळखायचं नसेल तेव्हा मान फिरवतो.

करवतींना त्याने नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. थोरलीचं वजन सात वर्षांच्या मुलाएवढं आणि उचलून नेताना ती तितकीच सहकार्य करते. धाकटी हलकी, पण तापट. दोघीही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. हल्लीच्या करवतींना म्हणे झटका बसला की साखळी आपोआप थांबते. थोरलीला तशी सोय नव्हती. तिच्या काळी माणसं जपून वागत, एवढीच सोय होती.

मामाने अटी घातल्या. एक, काम चालू असेपर्यंत तो स्वतः खुर्ची टाकून तिथे बसणार. दोन, महिनाभर आधी रोज संध्याकाळी मी शिकायचं. तीन, करवत जावयाच्या हातात द्यायची नाही, कारण जावयाने एकदा मामाचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. ह्यांना वाईट वाटेल म्हणून मी ही अट जरा घोळवून सांगितली. ह्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर थोरली होती आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केलं होतं, तेही भाड्याने दिल्यासारखं, तीन कप्प्यांचं. कार्ब्युरेटरमधलं सील कुजून गेलं होतं आणि तसलं सील आता कुठेच मिळत नाही असं तीन दुकानदारांनी सांगितलं. मामाने माझ्या पिशवीतून कचेरीची एक जाड तपकिरी फाइल काढली, तिच्या पुठ्ठ्यावर सील ठेवून पेन्सिल फिरवली आणि नखं कापायच्या कात्रीने नवं सील कापलं. सव्वीस वर्षांत त्या फायलींचा कोणाला एवढा उपयोग झालेला माझ्या पाहण्यात नाही.

रोज साखळीचे दात घासायचे. गोल कानस, एकाच कोनातून, एका दाताला तीन हात. चौथा हात फिरला तर सगळ्या साखळीला चौथा. माझा एकदा फिरला. मामाने पहिल्या दातावर बोट ठेवलं आणि ते पुढे सरकवत नेलं, छप्पन्न दात. त्यानंतर माझं कधी चुकलं नाही.

यंत्राची तयारी झाली आणि मग मला आठवलं की झाड तोडायला परवानगी लागते.

झाडांचं टेबल ज्यांच्याकडे आहे ते साहेब आमच्याच इमारतीत, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसतात. गेल्या वर्षी ते नळजोडणीसाठी माझ्याकडे आले होते आणि मी त्यांना कमी पडलेल्या एका प्रतीवरून तीनदा परत पाठवलं होतं. नियमच तसा आहे. मला वाटलं ते विसरले असतील. मला पाहताच ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, घरच्यांची विचारपूस केली आणि अत्यंत आदराने विचारलं की झाडं मेल्याचा पुरावा काय.

मी म्हटलं, वाळली आहेत. ते म्हणाले, वाळणं वेगळं, मरणं वेगळं, अर्जात मृत्यूचा अंदाजे महिना लिहायचा आहे. मी लिहिला. मग पाहणी करायला ते स्वतः आले, चष्मा पुसला, तिन्ही झाडांभोवती फिरले आणि तिसऱ्या झाडाच्या मधोमध त्यांना चार हिरवी पानं दिसली. ती पानं वेलीची होती. नकाशेकाकांकडून भिंतीवरून आलेली वेल झाडावर चढली होती. साहेब म्हणाले, वेलीचा अर्ज वेगळा. आठ दिवसांनी व्हरांड्यातून कागद आला. पहिली दोन झाडं मृत. तिसरं झाड अंशतः जिवंत, सबब परवानगी देता येत नाही.

म्हणजे जी पडू शकणार नव्हती ती तोडायची परवानगी होती, आणि जे काकूंवर पडणार होतं त्याला अभय मिळालं होतं. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले की 'अंशतः जिवंत' हा शेरा आमच्या ग्रंथालयातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल. मला हसू आलं नाही. मी दुखावले होते. नियम सांगणारी बाई म्हणून माझी काही प्रतिष्ठा आहे, आणि मलाच कोणी नियम सांगावा?

पण सव्वीस वर्षं टेबलामागे बसल्याने टेबलामागच्या माणसाला काय बोचतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एका ओळीचं पत्र दिलं. झाड अंशतः जिवंत ठरवण्याचा नियम कोणता, त्याचं कलम आणि पान कळवावं, ही विनंती. वेल काढून टाकली आणि काकांच्या नकाशाची प्रत जोडली, काकूंसकट. साहेबांनी दोन दिवस नियमांची पुस्तकं उलटीपालटी केली म्हणे. तसं कलम नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिन्ही झाडांची परवानगी सही होऊन निघाली. ती सात दिवसांची होती. एका व्हरांड्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकाला यायला तिला पाच दिवस लागले. माझ्या हातात राहिले शनिवार आणि रविवार.

शनिवारी सकाळी मामा खुर्ची घेऊन आला. हे मलमपट्टीची पेटी घेऊन उभे राहिले. नकाशेकाका चार नवे नकाशे घेऊन आले आणि प्रत्येक झाडाचा शेंडा कुठे टेकेल ते त्यांनी चुन्याने जमिनीवर आखून दिलं. गल्लीतली बाकीची मंडळी भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली. मी ह्यांची जुनी विजार, जाड बूट आणि कानांत कापसाचे बोळे अशा वेषात बाहेर आले तेव्हा भिंतीवर कोणीतरी खोकलं.

थोरली चालू करायला दोरी ओढावी लागते. जेवणाच्या टेबलावर महिनाभरात ती एकदाही चालू केली नव्हती. मी ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा ओढली. दहाव्या खेपेनंतर भिंतीवरच्यांनी मोजायला सुरुवात केली. विसाव्याला सल्ले आले. शिंप्याच्या बायकोचं म्हणणं होतं की यंत्राला ऊन दाखवावं. एक निवृत्त बसड्रायव्हर म्हणाले, ढकलून बघा. एकतिसाव्याला माझं कोपर मागे उभ्या असलेल्या ह्यांच्या नाकाला लागलं आणि मलमपट्टीच्या पेटीचं उद्घाटन झालं. एक्केचाळिसाव्याला मी थोरली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. महिनाभराची कानस, मांडीवरची ताटं, कागदाचा व्हरांड्यातला प्रवास, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. नणंदेचा चेहरा जरा जास्त वेळ थांबला.

मामा खुर्चीतून उठला. त्याने वाकून थोरलीचं बटण पाहिलं. त्यावर लाल ठिपका होता आणि आम्ही तो वर ठेवला नव्हता, कारण लाल म्हणजे बंद असं कोणीही समजेल. मामा म्हणाला की गिरणीत यंत्र चालू असलं की दारावर लाल दिवा लागायचा, म्हणून हा ठिपका त्यानेच रंगवला होता. हे तो विसरला होता. त्याने बटण फिरवलं आणि पुन्हा जाऊन बसला. माफी वगैरे काही मागितली नाही.

मी दोरी ओढली आणि थोरली बोलली.

आधी पांढरा धूर, मग निळा धूर, आणि मग असा आवाज की काकूंच्या स्वयंपाकघरातली भांडी फळीवर नाचायला लागली. भिंतीवरची कोपरं एका क्षणात नाहीशी झाली. माझे दात, माझी हाडं, माझी सव्वीस वर्षांची नोकरी, सगळं एका लयीत थरथरत होतं. मी मामाकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, डोळे मिटलेले. मी जवळ गेले तेव्हा त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "पोरी, हिचा आवाज येतोय मला." मामी गेल्यापासून त्याला कोणाचा आवाज आला नव्हता.

पहिलं झाड इतकं सरळ पडलं की मलाच संशय आला. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खाच, मागून काप, मध्ये अंगठ्याएवढी न कापलेली पट्टी बिजागरीसारखी सोडायची, कडकडल्याचं कळताच मागे व्हायचं. शेंडा चुन्याच्या फुलीवर टेकला. काकांनी फुलीजवळ जाऊन अंतर मोजलं आणि कोणी विचारलं नसताना सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्याने सगळी कसर भरून काढली. निम्मा काप झाला आणि वारा फिरला. झाड मागे रेललं, काप मिटला आणि थोरलीचं पातं आत घट्ट अडकलं. करवत आत, झाड उभं, निम्मं कापलेलं. सगळ्यांना वीस पावलं मागे पाठवलं. मामा म्हणाला, पाचरी हव्यात, लाकडी, कठीण. पाचरी गिरणीतच राहिल्या होत्या. नकाशेकाका घरात गेले आणि ओंजळभर दारअटकाव, दाराखाली सरकवायचे निमुळते तुकडे, घेऊन आले, त्यांच्या घरातल्या प्रत्येक दाराचा एक, सागवानी, त्यांनी स्वतः मापाने तासलेले. मामाने एक हातात घेऊन त्याची धार अंगठ्याने पाहिली आणि काकांकडे बघून मान हलवली. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढा मान मिळाला नसेल इतके काका फुलले. त्या दिवशी दुपारभर त्यांच्या घरातली सगळी दारं वाऱ्याने आपटत होती आणि प्रत्येक आपटण्याला काकू आतून काहीतरी म्हणत होत्या.

तीन पाचरी ठोकल्यावर काप बोटभर उघडला आणि थोरली सुटली. उरलेलं काम धाकटीने केलं. झाड पडलं, पण फुलीवर नाही. ह्यांनी आपल्या गुलाबाच्या बावीस कुंड्या काकांच्या नकाशाप्रमाणे तीनदा हलवून सगळ्यात सुरक्षित जागी मांडल्या होत्या. शेंडा नेमका त्या जागी आला. एक कुंडी वाचली, ती रिकामी होती. ह्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. मग नाकावरची पट्टी नीट करत म्हणाले, "बरं झालं. तसंही सुट्टीत गावाला गेलं की पाणी कोण घालणार, हा प्रश्न होताच." आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ह्या माणसाशी मी का लग्न केलं असं मला कधीमधी कोणी विचारतं. त्यांना मी हे वाक्य सांगते.

रविवारी तिसरं, अकरा अंशांचं. काकूंना सकाळीच त्यांच्या बहिणीकडे पाठवलं होतं. झाडाचा कल त्यांच्या घराकडे आणि पाडायचं आमच्या परसात, म्हणजे उलट. शेंड्याला दोरखंड बांधून लांबून ओढायला माणसं हवीत. हे होते, काका होते, आणि भिंतीवरच्या मंडळींना नेमकी त्या दिवशी पाठदुखी होती. तेवढ्यात फाटकातून झाडांचे साहेब आले, रविवार असून इस्त्रीच्या कपड्यांत. आवाजाबद्दल तक्रार आली होती. कोणाची ते सांगता येत नाही म्हणाले, पण त्यांच्या हातातली तक्रार कंत्राटदाराच्या अक्षरात होती, मी ते अक्षर त्याच्या नळाच्या अर्जावर पाहिलं आहे. काम स्थगित करावं असा कागद साहेबांनी माझ्यापुढे धरला.

मी हातमोजे काढले, कागद घेतला आणि वाचला. चांगला लिहिला होता. मी विचारलं, "ह्याला जावक क्रमांक कुठे आहे?"

साहेब म्हणाले, आज रविवार, नोंदवही कुलपात आहे, क्रमांक उद्या पडेल.

मी म्हटलं, "मग आदेशही उद्याच निघेल. माझी परवानगी आजची आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. दोन टेबलं एकमेकांसमोर आली होती आणि दोघांनाही माहीत होतं की नियम कोणाच्या बाजूला आहे. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, झाडाकडे पाहिलं, काकूंच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले की खरं सांगायचं तर ती पानं वेलीची होती हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, ती प्रत नसती तरी तुमची नळजोडणी झाली असती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दोरखंडाचं टोक धरलं.

मामाने खुर्ची सोडली. कितीही सांगितलं तरी ऐकेना, म्हणजे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. तो एका हातात काठी घेऊन खोडाच्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि त्याने तळवा सालीवर टेकवला. मी खाच घेतली. मागून काप सुरू केला. भुसा पिवळाधमक, कोरडा, माझ्या बाह्यांत, केसांत, तोंडात. पाचरी ठोकल्या, पुन्हा काप, पुन्हा पाचरी. मला झाडाचं काही ऐकू येत नव्हतं आणि मामाला तर नाहीच, पण झाड आतून सुटायला लागलं ते त्याच्या तळव्याला माझ्याआधी कळलं. त्याने माझ्या खांद्यावर काठी टेकवली. मी थोरली बंद केली, त्याचा हात धरला आणि दोघं मागे सरलो. हे, काका आणि साहेब दोरावर मागे रेलले, तिघांचे चेहरे लालभडक. झाड क्षणभर सरळ उभं राहिलं, अगदी शून्य अंशांवर. मग आमच्या बाजूला झुकलं आणि आलं. जमीन हादरली. भिंतीपलीकडे काकूंच्या खिडकीची एक काचही हलली नाही.

भिंतीवर टाळ्या वाजल्या. निवृत्त बसड्रायव्हरांनी सुरुवात केली. साहेब दोरासकट जमिनीवर बसले होते आणि इस्त्रीच्या पँटवर गवताचे डाग पाहून हसत होते. काकांनी या वेळी अंतर मोजलंच नाही. त्यांनी टोपी काढली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि परत घातली. मामा पडलेल्या खोडावर बसून कापलेल्या पृष्ठावरून बोट फिरवत होता. मला म्हणाला, दात बरे लावलेस.

त्या संध्याकाळी भिंतीवरच्या सगळ्यांची पाठदुखी बरी झाली आणि ओंडके रचायला नऊ माणसं आली. सुरू वर्षभर उभ्याने वाळलेला, हाडासारखा. शेगडी अशी पेटली की बैठकीच्या खिडक्या उघडाव्या लागल्या आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना आमच्याकडे माणसं नुसत्या सदऱ्यांवर बसली. नणंदेचा फोन आला. हे उठून बोलले, आणि ह्यांना मी एका दमात इतकं बोलताना प्रथमच ऐकलं.

माझे हात मात्र गेले होते. दोन दिवस थोरली धरल्याने बोटं आपसूक थरथरत होती, मुठी मिटत नव्हत्या. मी परसदारच्या पायरीवर बसले, समोर लाकडाची रास, छातीएवढी उंच, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ह्यांनी चहा आणून दिला. मी कप उचलायला गेले आणि निम्मा बशीत सांडला. पुन्हा उचलला, उरलेला विजारीवर. हे आत गेले, दुसरा कप आणला, माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि कप माझ्या तोंडाला लावला. गल्ली समोर उभी होती. साहेब होते, काका होते, शिंप्याची बायको होती. चारचौघांत ह्यांनी माझा हात धरावा असं मी कधी होऊ दिलेलं नाही. मी घोट घेतला. मग दुसरा. सगळा कप सावकाश संपवला, समोरच्या राशीकडे बघत.

साखर कमी होती. ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.